टायर नवा, तरी हवा उतरतेच: गोव्यातल्या गाड्यांचं हे दुखणं कुठे शोधायचं

एकाच चाकाची हवा दर आठ-दहा दिवसांनी उतरते. पंचरवाला चाक काढून पाण्यात बुडवतो, बुडबुडा दिसत नाही, हवा भरून परत पाठवतो. पुन्हा तेच. शेवटी कंटाळून टायरच बदलला जातो आणि महिन्याभरात त्याच चाकाला पुन्हा पंप लावावा लागतो. मिरामार, कोलवा, कळंगुट, बायणा अशा किनाऱ्यालगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ही तक्रार फार. कारण बहुतेक वेळा टायरमध्ये नसतं. टायरची कड आणि रिंग जिथे एकमेकांना टेकतात, त्या बोटभर रुंदीच्या पट्ट्यात ते असतं. टायर बदलणाऱ्याने तो पट्टा साफ केला तर दुखणं जातं, नाही केला तर नव्या टायरखालीही ते तसंच राहतं. म्हणून टायर कुठला घ्यायचा हा जेवढा मोठा प्रश्न, तेवढाच तो कोण बसवणार हाही.

आधी मोजा

रबरातून हवा थोडी झिरपतच असते. चांगल्या टायरमधून महिन्याला १ ते २ पीएसआय कमी झाली तर काळजीचं कारण नाही. त्यापुढे गेलं की गळती आहे असं धरायचं. "थंडीमुळे उतरली" हे कारण आपल्याकडे फारसं चालत नाही. तापमान ५ ते ६ अंशांनी बदललं की दाब जेमतेम १ पीएसआयने बदलतो, आणि पणजीतली जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातली पहाट यांत फरकच साधारण तेवढा असतो.

मोजायला स्वतःचा गेज ठेवा. दोन पंपांवरचे मीटर क्वचितच जुळतात, आणि इथे प्रश्न एक-दोन पीएसआयचा आहे. सकाळी गाडी हलवण्याआधी चारही चाकं आणि स्टेपनी मोजा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो दाब लिहिलाय तेवढा भरा आणि आकडे लिहून ठेवा. टायरवर छापलेला कमाल दाब हा टायरची मर्यादा सांगतो, गाडीला किती हवा ते सांगत नाही. तीन दिवसांनी आणि सात दिवसांनी पुन्हा मोजा. एकच चाक बाकीच्यांच्या मागे पडलं तर त्या चाकात दोष. चारही चाकं सारखीच उतरली तर आधी गेज तपासा, मग वॉल्व्हच्या पिना.

साबणाचं पाणी, आणि घाई नको

पाण्यात बुडवून गळती का सापडत नाही? एक तर ती फार बारीक असते: एक बुडबुडा जमायला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ चाक पाण्याखाली कुणी धरून ठेवत नाही. दुसरं म्हणजे काही गळती गाडीचं वजन चाकावर असतानाच होते. वजनाने टायरची कड किंचित दबते, तेव्हाच फट उघडते. टबात चाक मोकळं असतं, म्हणून फट बंद.

घरी करायचं झालं तर हवा ४० पीएसआयपर्यंत वाढवा (तपासणी झाल्यावर आठवणीने कमी करा), स्प्रेच्या बाटलीत साबणाचं दाटसर पाणी घ्या आणि या क्रमाने जा:

१. वॉल्व्हचं टोपण काढून तोंडावर एक थेंब सोडा. थेंब फुगला तर आतली पिन ढिली आहे किंवा खराब. पिन घट्ट करून पाहा, नाही जमलं तर बदला.

२. वॉल्व्हचा रबरी देठ हळूच चारी बाजूंना वाकवा आणि बुडाशी फवारा मारा. देठ सरळ असताना न दिसणारी चीर वाकवल्यावर उघडते. उन्हात तापलेल्या जुन्या वॉल्व्हमध्ये हे नेहमीचं.

३. नक्षीवर फवारा मारत चाक थोडं थोडं फिरवा. खिळा, तार, खाण रस्त्यावरची धारदार खडी खाचेत रुतलेली असेल तर तिथे फेस येतो.

४. टायर आणि रिंग मिळतात ती बाहेरची कड पूर्ण गोल भिजवा आणि १० मिनिटं थांबा. इथे मोठे बुडबुडे येत नाहीत, दुधावरच्या सायीसारखा बारीक पांढरा फेस एका जागी साचतो. तीच जागा.

५. चाक खोलून आतली कड बघा. खड्ड्याचा मार बहुधा आतल्या कडेलाच बसतो आणि पंचरवाल्याचं लक्ष तिथे सगळ्यात कमी जातं.

६. लोखंडी रिंगचा वेल्डचा सांधा आणि अलॉयच्या आऱ्यांच्या मुळाशी असलेला ओतीव भाग यांवरही फवारा मारा. ओतीव अलॉयमध्ये सूक्ष्म छिद्रं असू शकतात, आणि मार बसलेल्या अलॉयला केसाएवढी तडा.

सापडलेल्या जागेवर खडूने खूण करा. दुकानात "हवा उतरते" असं सांगण्यापेक्षा "इथून उतरते" असं बोट ठेवून दाखवलं की निम्मा वाद मिटतो.

रिंगच्या गंजाची गोष्ट

समुद्रावरच्या वाऱ्यात मीठ असतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात चाक कधी पूर्ण सुकतच नाही. वर जांभ्याची तांबडी चिकट माती रिंगच्या ओठात बसते, ओल धरून ठेवते आणि मीठही सोडत नाही. लोखंडी रिंगचा रंग जिथे बॅलन्सिंगसाठी कडेला अडकवलेल्या क्लिपच्या वजनाने किंवा टायर काढायच्या पहारीने खरवडला गेलाय, तिथून गंज सुरू होतो. तो रंगाखाली सरकत सरकत टायरच्या कडेखाली जातो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो फुगतो, कड उचलली जाते आणि हवेला वाट मिळते. अलॉयमध्ये तांबडा गंज नसतो, पण तिथे पांढरी भुकटी येते. लॅकर (वरचा पारदर्शक थर) सुटतं, त्याचे पापुद्रे उठतात आणि परिणाम तोच.

गंज आतूनही येतो, याकडे फार कमी जणांचं लक्ष असतं. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. दुकानदाराने ते रोज खालच्या नळीने काढून टाकलं नाही तर हवेबरोबर पाणीही टायरमध्ये जातं. नोझलची हवा दोन सेकंद तळहातावर सोडायला सांगा. हात ओला झाला तर त्या दिवशी तिथे हवा भरू नका. नायट्रोजनचा खरा उपयोग एवढाच, की तो कोरडा असतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे कोरडी हवा मिळत असेल तर नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

यावरचा इलाज कष्टाचा आहे, अवघड नाही. टायर दोन्ही कडांनी सोडवून रिंगवरून पूर्ण काढायचा. लोखंडी रिंग असेल तर ड्रिलला तारेचा ब्रश लावून, कड बसते तो पट्टा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा, मग झिंक प्रायमरचा पातळ हात द्यायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. रात्रभर ठेवता आलं तर उत्तम. रंगाचा जाड थर नको: ओला किंवा मऊ रंग टायरच्या कडेला चिकटतो आणि पुढच्या वेळी टायर काढताना थरासकट सोलून निघतो. अलॉयवर तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर चालवू देऊ नका. बारीक पॉलिश पेपर किंवा घासणीच्या पॅडने भुकटी आणि सुटलेलं लॅकर काढायचं, हाताला गुळगुळीत लागलं पाहिजे. टायरच्या कडेवरही जुन्या गंजाचे कण चिकटलेले असतात, ते ओल्या फडक्याने पुसायचे. मगच बीड सीलरचा, म्हणजे कड आणि रिंग यांच्यातली फट बुजवणाऱ्या द्रव्याचा, पातळ हात. न घासलेल्या रिंगवर नुसता सीलर फासणं हे दुकानांतलं सर्रास काम आहे, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच चाक परत येण्याचं कारणही तेच.

वॉल्व्ह प्रत्येक वेळी नवा घाला. टायरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. टोपण आतून रबर असलेलं प्लास्टिकचंच बरं. चमकदार धातूची टोपणं खाऱ्या हवेत पितळी देठावर धरतात आणि काढताना वॉल्व्हच तुटतो.

दोन सल्ले हमखास मिळतील, दोन्ही नाकारा. पहिला: "ट्यूब टाकून देतो, कटकट संपेल." ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घातली की दोन्हींत घर्षण होतं, उष्णता वाढते, आणि टायरच्या आतल्या खरखरीत भागावर ट्यूब घासून अचानक फाटते. ट्यूबलेसचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते. तोच गुण आपण पैसे देऊन घालवतो. दुसरा: पंचर थांबवणारं द्रव्य. ते चाकाचं बॅलन्स बिघडवतं, रिंग आतून खराब करतं आणि दाबाचा सेन्सर असेल तर तोही. अडल्या वेळी घाट उतरून घरी पोहोचण्यापुरतं ठीक. नंतर टायर काढून धुतलाच पाहिजे.

टायर खरंच बदलायचा का?

टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतल्या दोऱ्या तुटल्या आहेत. त्याला दुरुस्ती नाही. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की गाडी गडग्याला घासते किंवा गटाराच्या चिऱ्यांवर चढते, आणि बाजूचा भाग तिथे कापला जातो. बाजूच्या कापावर पॅच चालत नाही. पंचर दुरुस्त होतो तो फक्त नक्षीच्या मधल्या पट्ट्यात, छिद्र ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर, आणि तोही टायर उतरवून आतून मशरूम पॅच (देठ छिद्रात आणि टोपी आतून चिकटते तो) लावला तर पक्का. बाहेरून खुपसलेली दोरी ही तात्पुरती सोय. हवा नसताना थोडं अंतर गाडी चालवली असेल तर टायर उतरवल्यावर आत काळी रबराची भुकटी दिसते का पाहा. दिसली तर बाजूची भिंत आतून चिरडली गेली आहे. तो टायर वरून नवा दिसला तरी टाकून द्यायचा.

नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर. खाचांच्या तळाशी आडव्या उंचवट्यांनी ती दाखवलेली असते. पण आपल्या पावसासाठी हा आकडा पुरेसा नाही. खाचा पाणी बाहेर फेकतात म्हणून रबर रस्त्याला टेकतं. खोली ३ मिलिमीटरच्या खाली गेली की महामार्ग ६६ वर साचलेल्या पाण्याच्या थरावर ८०च्या वेगात टायर तरंगू लागतो, आणि स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की समजायचं, चाकांनी रस्ता सोडला. मेच्या मध्यावर मोजा. खोली ३ मिलिमीटर किंवा कमी असेल तर पावसाआधीच बदला.

वयही बघा. टायरच्या बाजूला चार आकड्यांची तारीख लंबगोल चौकटीत असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षं झाली की दरवर्षी बारकाईने तपासणी हवी. दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी नको. बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या गाड्या सहा-सहा, नऊ-नऊ महिने शेडमध्ये उभ्या असतात. त्यांची नक्षी कोरी राहते, पण बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि एकाच जागी वजन पडून टायर चपटा झालेला असतो. अशा टायरवर नक्षी बघून विश्वास ठेवू नका. स्टेपनी तर नेहमीच विसरली जाते.

कुठला टायर

माप आधी. दारावरच्या स्टिकरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलं असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, रिंग १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. भाराचा आकडा स्टिकरवरच्यापेक्षा कमी कधीच घेऊ नका. "८८ नाही, ८४ आहे, चालतं" असं म्हणणारा ५६० च्या जागी ५०० किलोचा टायर देतोय. चतुर्थीला सहा माणसं, माटोळीचं सामान आणि वर कॅरिअर अशी गाडी सत्तरीत जाते, तेव्हा तो फरक महत्त्वाचा ठरतो.

रुंद टायर दिसायला छान, म्हणून १८५/६५ च्या जागी १९५/६५ घालायची हौस सगळीकडे आहे. हिशोब करून बघा: पहिल्याचा पूर्ण व्यास साधारण ६२१ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६३४. म्हणजे २ टक्के वाढ, मीटर कमी वेग दाखवणार, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो. रिंग फक्त ५ इंच रुंदीची असेल तर १९५/६५ तिच्यावर बसवायचाच नसतो, त्याला किमान साडेपाच इंच लागते. रुंदीचा आकडा रिंगवर कोरलेला असतो: ५ जे, ५.५ जे असा. शिवाय टायर रुंद झाला की पाण्यावर तरंगणंही लवकर सुरू होतं. गोव्यासाठी कंपनीने दिलेलं मापच चांगलं.

गुणांत अग्रक्रम लावायचा झाला तर ओल्या रस्त्यावरची पकड पहिली, बाजूच्या भिंतीची मजबुती दुसरी, आयुष्य तिसरं. दुकानदार उलट क्रमाने विकतात. "साठ हजार चालेल" हे ऐकायला गोड लागतं, पण लांब टिकणारं रबर सहसा कडक असतं आणि कडक रबराला ओल्या उतारावर पकड कमी. चोर्ला किंवा अनमोड घाट आठवड्याला चढणाऱ्याने आयुष्यातले दहा हजार किलोमीटर पकडीसाठी खुशाल सोडावेत. नक्षीत चाकाच्या परिघाला समांतर तीन-चार रुंद खोल खाचा हव्यात, पाणी त्यातूनच जातं. साखळी-सांगेकडच्या खडीच्या रस्त्यावर रोज जायचं असेल तर थोडी जाड बाजू असलेला टायर बघा. शहरातल्या छोट्या गाडीला जीपसारखी गुटक्यांची नक्षी लावून मात्र फक्त आवाज वाढतो आणि ओल्यात ब्रेक लांबतो. काही टायरवर ट्रॅक्शनची श्रेणी छापलेली असते: एए सगळ्यात वरची, मग ए, बी, सी. आपल्याला ए किंवा वरची हवी.

एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, गुडइयर, मिशेलिन, योकोहामा: नावावर अडून राहू नका, प्रत्येकाकडे चांगली आणि सामान्य मॉडेलं आहेत. एमआरएफचा कारखाना उसगावला असला तरी काउंटरवरचा टायर ताजा असेलच असं नाही. ते दुकानात माल किती फिरतो त्यावर ठरतं. तारीख सहा महिन्यांच्या आतली मागा. सावलीत उभा ठेवलेला वर्षभराचा टायर चालेल. दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या थप्पीतला चालणार नाही. आयएसआय खूण बघा. तारीख टायरच्या एकाच बाजूला असते आणि बसवल्यावर ती आत जाऊ शकते, म्हणून चढवण्याआधीच चारही टायरच्या तारखा वाचून फोटो काढा.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे लावा. पुढची चाकं ओढतात म्हणून नवे पुढे, असं बहुतेक दुकानांत सांगतात. पण ओल्या वळणावर पुढची घसरली तर गाडी सरळ जाते आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला की सावरते. मागची घसरली तर गाडी गोल फिरते आणि सवय नसलेल्याला ती सावरता येत नाही. एकाच आसावर दोन वेगळ्या नक्षीचे टायर नकोत.

बसवणाऱ्याचे हात बघा

टायर घेण्याआधी एकदा दुकानात पंधरा मिनिटं उभे राहा आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीचं काम बघा. किमतीची घासाघीस करण्यापेक्षा यातून जास्त कळतं.

कड सोडवायचा जबडा वॉल्व्हपासून लांब लावतो का? सेन्सर असलेल्या चाकात हे चुकलं तर सेन्सर तुटतो. अलॉय पकडताना जबड्यांवर प्लास्टिकचे टोपरे आहेत का? टायर चढवताना कडेला टायरची पेस्ट लावतो की ऑईल, ग्रीस? पेट्रोलियमचं काहीही रबराला खातं. भांड्यांच्या साबणाचं घट्ट पाणी तात्पुरतं काम करतं, पण ते सुकल्यावर रिंगवर क्षार राहतात आणि गंजाला आमंत्रण मिळतं. कोरडाच टायर पहारीने रेटणारा कारागीर असेल तर तिथून निघा, कारण कडेचा रबर फाटला तर ती गळती कधीच थांबत नाही.

हवा भरताना कड रिंगच्या खाचेत बसल्याचे दोन आवाज येतात, आत एक आणि बाहेर एक. ४० पीएसआयपर्यंत कड बसली नाही तर हवा सोडून पुन्हा पेस्ट लावायची असते. दाब वाढवत राहणं जिवावर बेतू शकतं. चांगला कारागीर आधी वॉल्व्हची पिन काढून हवा झटक्यात आत भरतो, कड बसली की पिन घालतो. मग एक गोष्ट स्वतः वाकून बघा: टायरच्या बाजूला, रिंगच्या ओठालगत एक बारीक उठावदार रेघ गोलाकार फिरते. ती रिंगपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एका जागी रेघ रिंगखाली बुडाली असेल तर तिथे कड नीट बसलेली नाही. असं चाक नंतर कितीही बॅलन्स केलं तरी उड्या मारतं.

बॅलन्सिंगच्या वेळी जुनी वजनं सगळी काढली पाहिजेत. लोखंडी रिंगवर क्लिपची वजनं, अलॉयवर आतून चिकटवायची, आणि चिकटवण्याआधी जागा पुसून कोरडी. वजनं लावल्यावर चाक पुन्हा एकदा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य दाखवायला सांगा, ही दुसरी फेरी बरेच जण टाळतात. एका बाजूला ६० ग्रॅमपेक्षा जास्त वजन मागितलं तर वजनांचा ढीग चिकटवू देऊ नका. टायर रिंगवर अर्धा फिरवून पुन्हा बघायला सांगा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलकी जागा दाखवतो, साधारणपणे तो वॉल्व्हशी जुळवतात. चाक मशीनवर फिरत असताना रिंगच्या ओठाकडे नजर ठेवा: ओठ डुलताना दिसला तर रिंग वाकली आहे. लोखंडी रिंग बऱ्यापैकी सरळ होते. अलॉय तापवून ठोकलेली असेल किंवा तडा वेल्ड केलेली असेल तर ती घाटात वापरू नये, हे आमचं ठाम मत.

चाक गाडीला लावताना हबचा (चाक ज्यावर टेकून बसतं त्या भागाचा) चेहराही ब्रशने घासायला सांगा. तिथला गंजाचा पापुद्रा चाक तिरकं बसवतो आणि ८० ते ११० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. दोष मात्र बॅलन्सिंगला दिला जातो. नट आधी हाताने धरायचे, मग आडव्या-तिडव्या क्रमाने, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. हवेची बंदूक पूर्ण जोरात लावली तर स्टड ताणले जातात, डिस्क किंचित वाकते आणि ब्रेक दाबला की पाय थरथरतो. शिवाय मध्यरात्री मुसळधार पावसात वेर्ण्याच्या पठारावर तोच नट हाताच्या पान्याने सुटत नाही.

सांगायला लाजू नका. "भाऊ, रिंग घासून घ्या, वॉल्व्ह नवे घाला, शेवटचा जोर पान्यानेच द्या, जास्त वेळ लागला तरी चालेल." चांगला कारागीर यावर चिडत नाही. मे महिन्याचा शेवट आणि चतुर्थीच्या आधीचा आठवडा टाळा. मधल्या वारी सकाळी जा, तेव्हा हातात वेळ असतो.

झिजेवरून काय कळतं

नवे टायर घालून अलाइनमेंट न करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पण अलाइनमेंटच्या आधी जुन्या टायरची झीज वाचा. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी. फक्त आतली कड गेली असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा टो (चाकं वरून पाहता आत-बाहेर वळलेली असणं) बिघडलाय. नक्षीवरून तळहात एका दिशेने फिरवल्यावर गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं लागलं तर नक्की टो. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बेअरिंग गेलंय, ते बदलल्याशिवाय नवा टायरही तसाच खळगा पडून खराब होईल. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा फक्त टो जुळवता येतो. अलाइनमेंटच्या मशीनवर कॅम्बरचा आकडा लाल दिसत असेल तर सस्पेन्शनमध्ये काहीतरी वाकलंय, ते आधी शोधायचं. अलाइनमेंट करण्यापूर्वी चारही चाकांत सारखी हवा हवी आणि आधीचा-नंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्या.

बिलावर टायरचं मॉडेल, माप आणि अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटीसाठी तोच कागद लागतो. पहिले २००-३०० किलोमीटर जपून चालवा, साच्यातलं वंगण रबरावर असतं आणि ओल्यात नवा टायर सुरुवातीला निसरडा लागतो. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. आठवड्याने सकाळी गेज लावा आणि आधीच्या आकड्यांशी ताडून बघा.

एवढं करूनही तेच चाक उतरत असेल तर शेवटची चाचणी: त्या रिंगवरचा टायर स्टेपनीच्या रिंगवर चढवा, स्टेपनीचा या रिंगवर, माप एकच असेल तर. आठवड्यात हवा टायरबरोबर गेली तर टायरमध्ये दोष, बिल आणि फोटो घेऊन दुकानात जा. हवा जुन्या रिंगबरोबरच उतरत राहिली तर रिंगला डोळ्यांना न दिसणारी तडा आहे. ती रिंग भंगारात घाला आणि त्याच रुंदीची, तेवढ्याच बोल्टची आणि त्याच ऑफसेटची (रिंगच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या भागाच्या अंतराची) नवी घ्या.